सेफ्टी खेळायची असेल, तर फाउलचा नियम आधी विचारा

आमच्या बेळगावात पूलच्या टेबलावर सेफ्टी, म्हणजे बॉल पाडण्याऐवजी समोरच्याला अवघड जागी अडकवणारा फटका, खेळणाऱ्याला आजही रडीचा डाव खेळणारा समजतात. बॉल पॉकेटमध्ये गेला की टाळ्या, आणि पांढरा बॉल मुद्दाम दुसऱ्या बॉलआड नेऊन ठेवला की ‘खेळा की ओ सरळ’ असे टोमणे. ते सोसता येतात. टिळकवाडीतल्या एका क्लबाच्या एट-बॉल (एकाचे १ ते ७ चे अख्ख्या रंगाचे, दुसऱ्याचे ९ ते १५ चे पट्ट्यांचे बॉल; आपला गट संपवून शेवटी आठ नंबर पाडायचा) स्पर्धेत नाव दिल्यावर जे सोसावे लागले, त्याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

सेफ्टी शिकणे फारसे जड गेले नाही. पॉट, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये, बसण्याची शक्यता निम्म्याहून कमी दिसली आणि चुकल्यावर समोरच्याला सोपा बॉल मिळणार असेल, तर सेफ्टी घ्यायची. आपल्या बॉलला अगदी बारीक लावून पांढरा दूरच्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, नेऊन टेकवायचा. ९ फुटी टेबलावर खेळायची लांबी १०० इंच असते. तेवढे अंतर पडले की समोरचा बॉल उघडा असूनही अवघड होतो.

अडले ते फाउलवर. आंतरराष्ट्रीय नियमानुसार पांढरा आधी आपल्या गटातील बॉलला लागला पाहिजे आणि त्यानंतर काहीच पॉट झाले नाही, तर कोणता तरी एक बॉल कुशनला लागलाच पाहिजे; नाहीतर फाउल होतो आणि समोरचा खेळाडू पांढरा टेबलावर हवा तिथे ठेवतो. स्नूकरमध्ये कुशनची ही अट नाही. आमच्याकडचे जुने खेळाडू स्नूकरमधून आलेले असल्यामुळे बॉलला नुसता स्पर्श करून पांढरा त्याला चिकटवून ठेवतात, आणि क्लबात ते चालवून घेतले जाई. शिवाय फाउलनंतर पांढरा वरच्या, म्हणजे ब्रेक मारतात त्या, रेषेमागेच ठेवून पुढच्या दिशेने मारायचा, अशी तिथली पद्धत होती. म्हणजे मी कष्टाने समोरच्याला अडकवावे, त्याने फाउल करावा आणि माझे बॉल नेमके रेषेमागे असले, तर शिक्षा मलाच!

मी नियम लेखी मागितले. काउंटरवरच्या गृहस्थांनी नोंदणीचा कागद पुढे केला; त्यावर नाव, मोबाइल नंबर, प्रवेश फी आणि ‘आयोजकांचा निर्णय अंतिम’ एवढाच मजकूर होता. आयोजकांना विचारले, तर ते पंच ठरवतील म्हणाले. पंचांना विचारले, तर त्यांनी आयोजकांकडे बोट दाखवले. ‘इतकी वर्षं असंच चालतंय की ओ’ हे दोघांचेही उत्तर. शेवटी खानापूरहून आलेल्या काही खेळाडूंनीही तोच हट्ट धरला, तेव्हा कुठे ड्रॉच्या कागदामागे दोन ओळी (कुशनची अट लागू, आणि फाउलनंतर पांढरा हवा तिथे) लिहून आयोजकांची सही घेता आली. त्या सहीचा आनंद मला सामना जिंकल्याहून अधिक झाला, हे लपवत नाही.

त्याच कागदावर पुढचा सामना फिरला. समोरच्याचा पट्ट्यांचा एकच बॉल उरला होता, माझे तीन. मी ‘सेफ्टी’ म्हणून तीन नंबरला हलके लावले. तो बाजूच्या कुशनला लागून थांबला आणि पांढरा सात नंबरच्या मागे जाऊन बसला. त्याने कुशनवरून प्रयत्न केला, पण बॉल चुकला. पांढरा माझ्या हातात आला आणि मी आठपर्यंत टेबल साफ केले.

एट-बॉलमध्ये ‘सेफ्टी’ हा शब्द मारण्यापूर्वीच उच्चारावा, कारण तसे जाहीर केल्यावर आपला बॉल पडला तरी पाळी समोरच्याकडे जाते. न सांगता पडला, तर आपल्यालाच पुढे खेळावे लागते. आणि जुलै-ऑगस्टच्या आमच्या पावसात कापड दमट होऊन बॉल लवकर थांबतात, तेव्हा कुशनपर्यंत पोहोचण्याइतका जोर थोडा वाढवूनच द्यावा.