ज्यांना भिंत नसते

‘तुला काही बोलायची सोयच नाही.’ ताई एवढंच म्हणाली आणि विषय संपला. तिच्यापुरता संपला. मी दुपारभर ते वाक्य घोळवत बसले.

उद्याच्या प्रात्यक्षिकाच्या स्लाइड तपासून ठेवायच्या होत्या. आधी कांद्याचा पापुद्रा, वर आयोडीनचा थेंब. लांबट पेशी एकीला एक चिकटून, कडा सरळ, केंद्रक कडेला सरकलेलं, कारण मधली जागा रिक्तिकेने, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीने, अडवलेली. मग गालाच्या आतल्या पेशी, मेथिलीन ब्लूमध्ये. विखुरलेल्या. एकीची कड दुमडलेली, दुसरी तिसरीवर चढलेली, आत गडद निळा ठिपका. पेशीभित्तिका, म्हणजे बाहेरची ताठ भिंत, नाही; नुसतं प्रद्रव्यपटल, 7-8 नॅनोमीटर जाडीचा पातळ पडदा. दरवर्षी शिकवते मी हे. आज बघताना वाईट वाटलं, आपण या बिनभिंतीच्या बाजूचे म्हणून.

रक्तातली तांबडी पेशी साध्या पाण्यात टाकली की पाणी आत शिरतं, ती फुगते आणि फुटते. वनस्पतीच्या पेशीतही तेच पाणी शिरतं. रिक्तिका भरते, भिंतीवर दाब येतो, भिंत तो उलट लोटते आणि पेशी ताठ होते. कोवळं पान त्याच जोरावर उभं असतं. ताईला लोकांनी काय कमी ऐकवलं? त्या वर्षी तर... जाऊ दे. ती ताठ राहिली. मला एक वाक्य पुरतं.

बरं, भिंत नसलेली पेशी आयती जगते असंही नाही. पटलातले पंप एका एटीपीमागे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एका रेणूमागे, 3 सोडियम बाहेर टाकतात, 2 पोटॅशियम आत घेतात. अखंड. ते थांबले तर आत क्षार साठणार आणि मागोमाग पाणी येणार. तंतुकणिकांनी तयार केलेल्या ऊर्जेतला मोठा वाटा इथे जातो, नुसतं न फुटण्यावर. संध्याकाळी मी का दमलेली असते, हे घरात कुणाला सांगून पटलेलं नाही.

रॉबर्ट हुकने 1665 मध्ये बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले, त्या नुसत्या भिंती होत्या. आतलं जिवंत सगळं कधीच गेलेलं. झाडाच्या जलवाहिन्याही मेल्यावरच पाणी वाहायला लागतात. आणि भिंतीतली पेशी जिवंत असली तरी जागची हलत नाही. पांढरी पेशी मात्र रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते, जिवाणूला वेढते, गिळून टाकते. चेतापेशीचा एक तंतू कण्याच्या खालच्या भागातून थेट पावलापर्यंत पोचतो, जवळपास मीटरभर. स्नायूची पेशी आखडते, सैलावते. ताठ भिंतीच्या आत यातलं काय जमलं असतं? मग असू दे. लागतं मला, तर लागतं.

त्या वर्षी ताई रात्र रात्र जागी असायची, असं आई एकदा बोलून गेली होती. तेव्हा मी पुढे काही विचारलं नाही.

पेशीभित्तिकेलाही अतिशय बारीक छिद्रं असतात. त्यांतून शेजारशेजारच्या पेशींचं पेशीद्रव्य जोडलेलं असतं. आमच्या सूक्ष्मदर्शकातून ती दिसत नाहीत, म्हणून मुलांच्या वहीत भिंत अखंडच उतरते. उद्या फळ्यावर आकृती काढताना छिद्रं आधी दाखवायची, मग बाकीचं.