धुळ्याहून वेळेत आले आणि माजिवड्याला अडकले

तीन आठवडे होऊन गेले तरी त्या शेवटच्या अर्ध्या तासाचा राग काही जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय. पुढे कोणी सायकलवर ६०० किमीची बीआरएम करणार असेल तर त्याला उपयोग होईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीआरएम म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राइड, रेस नाही, पहिला दुसरा नंबर नसतो. ठरलेला रूट, ठरलेली वेळ आणि मध्ये मध्ये कंट्रोल, म्हणजे वेळेत पोचल्याचा पुरावा घ्यायची ठिकाणं. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. नोव्हेंबर ते ऑक्टोबर या एका सीझनमध्ये चारही केल्या की सुपर रँडोनर हा किताब. माझ्या तीन झाल्या होत्या, ही चौथी. ठाणे-नाशिक-धुळे आणि त्याच रस्त्याने परत. शनिवारी पहाटे पाचला निघायचं, रविवारी रात्री नऊच्या आत ठाण्यात.

पडघ्यापर्यंत पुढच्यांचे लाल दिवे दिसत होते, मग उजाडलं आणि मी एकटीच. मला एकटीनेच चालवायला आवडतं, कोणाच्या स्पीडचं ओझं नाही. कसारा घाट, नाशिक, चांदवड, मालेगाव सगळं ठीक झालं, रात्री पावणेअकराला धुळ्यात. दोन तास झोपले, लॉजवाल्या काकांनी सायकल रूममध्ये घेऊ दिली (हे आधी फोन करून विचारून ठेवा, रात्री दारात उभं राहून वाद घालायची ताकद नसते). येताना राहुड घाटाचा चढ पहाटेच्या गारव्यात लागला ते बरं झालं. नाशिक बाराला, शहापूर सव्वापाचला. म्हटलं साडेसातला घरी.

पण रविवारची संध्याकाळ. नाशिककडून परतणाऱ्या सगळ्या गाड्या, त्यात वडपे ते माजिवडा रस्ता रुंद करायचं काम, कुठे डायव्हर्जन कुठे खडी, आणि मानकोलीला गोडाऊनमधून निघणारे कंटेनर आडवे. सायकल दोन कंटेनरच्या मधून काढायचा मोह होतो, काढू नका, ड्रायव्हरला तुम्ही दिसत नसता. मी उतरून कडेने चालत आले. खारेगावची खाडी, साकेतचा पूल, आणि माजिवड्याला घड्याळात ८:१७. त्रेचाळीस मिनिटं हातात. मला रडू यायचं बाकी होतं इतका आनंद झाला होता.

आता खरं सांगायचंय ते. यावेळी शेवटच्या कंट्रोलला माणूस नव्हता. माजिवडा ते तीन हात नाका या भागातल्या कुठल्याही एटीएमची स्लिप किंवा जागा, तारीख आणि वेळ छापलेलं बिल, एवढंच पाहिजे होतं. मधल्या कंट्रोलनाही हेच केलं होतं, इगतपुरीला, चांदवडला, धुळ्याला, कुठेही पाच मिनिटांच्या वर लागली नव्हती. ठाण्यात काय अडचण येणार असं मीही धरून चालले होते.

पहिलं एटीएम, कार्ड घातलं, पिन टाकला, स्क्रीनवर आलं की पावती देता येणार नाही, पुढे जायचं का. बाहेर. दुसरं, शटर अर्धं खाली. तिसऱ्याला कॅडबरी जंक्शनकडे सर्व्हिस रोडने गेले, तिथला वॉचमन म्हणाला मॅडम सायकल आत नाही घ्यायची. मी म्हटलं दादा सहाशे किलोमीटर आणलीये हिला, बाहेर नाही सोडणार. शेवटी तोच हँडल धरून उभा राहिला, भला माणूस. आत पाचजण रांगेत. टाइलवर क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट घसरतात म्हणून भिंत धरून उभी होते, तळवे बधिर, आणि पुढचा माणूस चार चार वेळा पैसे काढतोय. माझा नंबर आला, बॅलन्स विचारला, स्लिप आली. कोरी. अक्षरच नाही, दिव्याखाली तिरकी धरून बघितली तरी नाही. परत कार्ड घातलं, परत कोरी. ८:३६.

तेव्हा मी खरंच ओरडले. त्या बिचाऱ्या वॉचमनवर नाही, मशीनवर. चाळीस तासांत पंक्चर झालं, मालेगावजवळ कुत्री मागे लागली, कशाने डोळ्यात पाणी आलं नाही आणि इथे आलं. आयोजकांना फोन केला, म्हटलं मी उभी आहे, सेल्फी पाठवते, यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवते. ते म्हणाले ताई, यूपीआयवर वेळ कळते, जागा कळत नाही, आणि फोटो कुणीही कधीचाही पाठवेल, कागद बघा. नियम आहे, मान्य. पण हल्ली कोणी कागद ठेवतच नाही हो, सगळे फोनवर पैसे देतात, मग मशीनमध्ये रोल भरायची कोणाला घाई. नियम करणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा, निदान शेवटच्या कंट्रोलला एक माणूस सही करायला बसवा. चाळीस तास जो चालवतो त्याच्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे?

फोनची बॅटरी चार टक्के. (पॉवर बँक दोन ठेवा, एक फक्त लाइटसाठी. रात्री लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं असतं.) मग नितीन कंपनी जंक्शनवरून पाचपाखाडीत वळले. मेडिकलमध्ये ओआरएस घेतलं, बिलावर तारीख आहे, वेळ नाही. पेट्रोल पंपावरचा मुलगा म्हणाला तेल भरल्याशिवाय बिल निघत नाही. ८:४४. मग समोर मिठाईचं दुकान दिसलं आणि काउंटरवर बिल छापायचं मशीन. धापा टाकत विचारलं, काका, बिलावर टाइम येतो का? त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग खुर्ची पुढे केली. म्हणाले, येतो की, बसा आधी. पाव किलो पेढे घेतले. बिल निघालं, वर दुकानाचं नाव, पत्ता पाचपाखाडी, ठाणे, तारीख, आणि २०:४९.

ते बिल हातात धरून मी तिथेच खुर्चीवर बसून राहिले. काकांनी विचारलं कुठून आलात, धुळ्याहून म्हटल्यावर आतून बायकोला बोलावलं, दोघांनी सायकलला हात लावून बघितला. त्यांनी पाणी दिलं आणि पेढ्याचा पहिला तुकडा मला खायला लावला. मी ब्रेव्हे कार्डावर (कंट्रोलच्या वेळा नोंदवायचं कार्ड) वेळ लिहिली, सही केली. हात थरथरत होता तरी अक्षर चांगलं आलंय.

हां, एक राहिलं. त्या थर्मल कागदावरचं अक्षर घामाने आणि उन्हाने उडतं, चांदवडची स्लिप घरी येईपर्यंत अर्धी पुसट झाली होती. मिळाल्या मिळाल्या फोटो काढा आणि झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, खिशात नको. आणि दोन बँकांची कार्डं न्या. आणि तुमच्या फिनिशजवळ कुठल्या दुकानात वेळेसकट बिल निघतं ते आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन बघून या, मी ते केलं असतं तर ८:२५ ला घरी असते.

कार्ड आणि सगळ्या स्लिपा जमा केल्यात. होमोलोगेशन नंबर, म्हणजे राइड अधिकृतपणे मान्य झाल्याचा नंबर, अजून यायचाय. सुपर रँडोनर झाले की २०२७ च्या फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस राइडचं बघायचंय, १२०० किमी, ९० तास. त्याच सीझनला चारही परत कराव्या लागतील, करीन.

पेढ्यांच्या दुकानात मागच्या रविवारी परत जाऊन आले, सायकलवरच.