टबात आधी पाणी भरा, मग फट भरा

आमचं हार्डवेअरचं दुकान खडेबाजारच्या मागच्या अंगाला. वडिलांच्या काळात खिळे, बिजागऱ्या, चुना विकला जायचा, आता निम्मा धंदा बाथरूमवर चालतो. बेळगावात बाथटब घेतो तरी कोण, असं पुण्याचे पाहुणे हसून विचारतात. घेतात की! गोवा शेजारी. तिकडच्या एखाद्या हॉटेलचं काम निघालं की जुने टब चोर्ला घाटानं वर येतात आणि हिंदवाडीतल्या बंगल्यात, नाहीतर जांबोटीकडच्या होमस्टेत जाऊन बसतात. टब बसतो, टाइल्स बसतात, खरं दोघांच्या मधली फट तशीच राहते. तिचं काय करायचं हे विचारायला गिऱ्हाईक येतं ते बहुतेक खालच्या खोलीच्या छताला पोपडे धरल्यावर.

"पांढरं सिमेंट द्या किलोभर," ही ठरलेली मागणी. गवंड्यानं सांगितलेलं असतं. त्याला कुणी शंका काढली तर "एन आगंगिल्ल बिड्री", काही होत नाही सोडा, असं कन्नडमध्ये म्हणून तो दुसऱ्या साइटवर पसार. होतंय ओ, सगळं होतंय. टाइल्सच्या सांध्यात सिमेंट चालतं, कारण सगळ्या टाइल्स एकाच भिंतीला धरून असतात. टबाचं तसं नाही. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो वजन, त्यात वर माणूस बसणार. फायबरचा किंवा अॅक्रिलिकचा टब तेवढ्या ओझ्यानं थोडा तरी खाली दबतोच, आणि भिंत काही त्याच्याबरोबर खाली येत नाही. सिमेंटला ताण सोसत नाही, बारीक चीर जाते. आपल्या नजरेला ती येत नाही, पाण्याला मात्र बरोबर सापडते.

म्हणून तिथं ताणलं जाणारं सिलिकॉनच पाहिजे. आणि ते भरायच्या आधी टब पाण्यानं भरायचा. रिकाम्या टबाला सिलिकॉन मारलं तर फट मिटलेली असताना मारलं जातं, मग पहिल्याच आंघोळीला ती उघडते आणि सिलिकॉन कडेनं सुटतं. भरलेल्या टबाला मारलं की फट जेवढी उघडायची तेवढी उघडलेली असते. पाणी सोडल्यावर सिलिकॉन नुसतं दबतं, आणि दबण्याचा त्याला त्रास नाही.

हे सांगितल्यावर अनगोळच्या एक वैनी माझ्यावर उखडल्याच. "काय ओ अण्णा, नळाला रोज पाणी नाही आणि तुम्ही टबभर पाणी भरा म्हणताय?" वैनींचंही चूक नाही. खरं ते पाणी वाया कुठं जातंय? चोवीस तास टबात राहू दे, मग त्यातच चादरी धुवा, जिना धुवा, झाडांना घाला. नळाला पाणी येण्याच्या आदल्या दिवशी काम काढायचं नाही, एवढं बघा.

फट तयार करण्यातच खरा वेळ जातो. जुनं सिलिकॉन असेल तर ब्लेडनं सगळं खरवडून काढायचं, कारण जुन्यावर नवीन नीट धरत नाही. काळी बुरशी असेल तर ती आधी घालवा, तिच्यावर लेप देऊन झाकू नका. मग स्पिरिटनं पुसा आणि कोरडं होऊ द्या. खानापूर-कणकुंबीकडं जुलैत कोरडं होणं म्हणजे थट्टाच; तिथं सरळ टेबल फॅन लावून ठेवायचा. गंमत अशी की फट कोरडी लागते, खरं सिलिकॉन घट्ट होतं ते हवेतल्या ओलाव्यानंच. त्यामुळं पावसाळ्यात ते लवकर धरतं, एप्रिलच्या कोरड्या हवेत रेंगाळतं.

फट बोटभर रुंद असेल तर आत आधी फोमची दोरी दाबा. नुसतं सिलिकॉन ओतत बसलात तर ट्यूबमागून ट्यूब जाईल, आणि ते मागच्या बाजूलाही चिकटून बसेल. त्यानं टब आणि भिंत, दोनच कडा धरायच्या. तिसरीकडं अडकलं की मोकळेपणी ताणता येत नाही. फटीच्या वरखाली कागदी चिकटपट्टी लावा, नोजल तिरकं कापा, न थांबता एका दमात ओढा. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून फिरवा आणि वर साय धरायच्या आत पट्टी काढा. पट्टी तशीच ठेवून चहाला गेलात तर नंतर सगळी कड फाटून येते.

माल घेताना स्वस्त अॅक्रिलिक सीलंट उचलू नका, ते रंग द्यायच्या कोरड्या भेगांसाठी. व्हिनेगरसारखा आंबूस वास मारणारं सिलिकॉन काचेला, टाइल्सला छान. खरं संगमरवर किंवा शहाबादी फरशी जवळ असेल तर बिनआम्लाचं, म्हणजे न्यूट्रल मागा, नाहीतर आंबूस वासाच्या सिलिकॉनमधलं आम्ल दगडाला डाग पाडतं. ट्यूबवरची तारीख वाचा, आमच्या दुकानातली असली तरी वाचा. मुदत संपलेलं सिलिकॉन आठवडाभर चिकटच राहतं.

उरलेली ट्यूब नोजलमध्ये खिळा घालून ठेवतात लोक. दोन-चार आठवडे कशीबशी टिकते, मग आतच दगड होते. त्यापेक्षा त्याच दिवशी वॉश बेसिनची मागची कड आणि किचनच्या सिंकचा काठ उरकून घ्या, ट्यूब दाबायची गन हातात आहे तोवर.