अर्धी गोळी

"ताई, हे तर बीपीचं औषध आहे. एवढ्याशा लेकराला कशाला?" परभणीच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी उलटीपालटी करत विचारलं आणि माझे हातपायच गळाले. गोळी क्लोनिडिनची होती. लेक नऊ वर्षांचा.

सहाव्या वर्षी डोळे मिचकावणं सुरू झालं. डोळ्यांचा नंबर तपासला, जंताचं औषध झालं, सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मिचकावणं थांबलं न थांबलं तोच खांदा उडायला लागला, मग घशातून "हं हं". वर्गात बाईंना वाटायचं, मुद्दाम करतो. दोनदा बाहेर उभं केलं. मीही रागावले होते त्याला, ते अजून सलतं.

शेवटी सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसनं संभाजीनगर गाठलं. मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टर. आपोआप पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज म्हणजे टिक; हालचालीच्या टिक आणि आवाजाची टिक, दोन्ही वर्षाच्या वर चालल्या की त्याला टूरेट म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. साधारण दहा-बाराव्या वर्षी जोर सर्वांत जास्त असतो, पुढे बऱ्याच मुलांचा ओसरतो. औषधानं टिक कमी होतात, मुळासकट जात नाहीत. हे सगळं मला सांगून झाल्यावर त्या लेकाकडे वळल्या, "तुला त्रास होतो का रे याचा?"

"मान दुखते. रात्री पण."

नुसतं मिचकावणं असतं तर औषध दिलंच नसतं, म्हणाल्या. लोकांना खटकतं म्हणून लेकराला गोळी द्यायची नाही. हे वाक्य मी घरी येऊन प्रत्येकाला ऐकवलं.

गोळीच्या आधी सराव. खांदा उडण्याआधी मानेत "मुंग्यांसारखं" होतं, हे त्यानंच सांगितलं. तसं झालं की कोपर कमरेशी घट्ट धरायचं, खांदा खाली दाबून ठेवायचा, मुंग्या जाईपर्यंत. परभणीत शिकवणारं कुणी मला सापडलं नाही, म्हणून पुण्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडून व्हिडिओ कॉलवर शिकलो. फरक पडला, पण मान दुखायची थांबेना. मग क्लोनिडिन.

मेडिकलवाल्याची शंका मी फोन करून डॉक्टरांना विचारली. अमेरिकेत टूरेटसाठी रीतसर मंजुरी हॅलोपेरिडॉल, पिमोझाइड आणि अरिपिप्राझोल यांना आहे, क्लोनिडिनला नाही. तरी सुरुवात बहुतेकदा क्लोनिडिन किंवा ग्वानफेसिननं करतात, कारण त्या तिघांनी अंग आखडणं, बेचैनी, वजन वाढणं असे त्रास जास्त होऊ शकतात. क्लोनिडिननं झोप येते, बीपी उतरतं, चक्कर येते. आणि ते एकदम बंद करायचं नाही, बीपी उसळतं.

पहिला आठवडा लेक शाळेत बाकावर डोकं टेकून झोपला. डॉक्टरांना विचारून वेळ रात्रीची केली. जेवण झालं की तो स्वतःच बशी घेऊन येतो, मी गोळीचे दोन तुकडे करते, चुरा उरला तर बोटानं टिपून खातो. पोळ्याला गावी गेलो तेव्हा गोळ्यांचं पाकीट घरीच राहिलं. ह्यांनी रात्री मोटारसायकल काढली आणि जाऊन घेऊन आले.

परवा पुन्हा दाखवलं. बीपी ठीक. खांदा क्वचित उडतो, मान दुखत नाही. "हं हं" मात्र चालूच आहे, तेव्हा मीच म्हटलं, "गोळी वाढवायची का?" डॉक्टरांनी त्यालाच विचारलं.

"आवाजाचा मला काही त्रास नाही," तो म्हणाला. गोळी अर्धीच राहिली.