मुलाची बेसबॉल कार्डं विकताना

न्यू जर्सीतल्या एडिसनचं घर विकून लहान कॉन्डोत जायचं ठरलं आणि बेसमेंट रिकामं करायला घेतलं. सगळ्यात जड निघाला तो कागद. मुलाने 1986 ते 1993 या काळात जमवलेली बेसबॉल कार्डं, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली! आठशे कार्डं मावणारी लांबट पांढरी खोकी, नऊ खणांच्या प्लास्टिक पानांचे बाइंडर, शिवाय बुटांच्या डब्यांत कोंबलेली वेगळीच. मुलगा आता कॅलिफोर्नियात असतो. फोनवर म्हणाला, "आई, तुला काय करायचं ते कर." ह्यांचं मत, सरळ रिसायकलिंगला द्यावं. माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. किंमत कळल्याशिवाय काही टाकणं माझ्याच्याने होत नाही.

किंमत बघायची तर ई-बेवर, पण विक्रीला लावलेली कार्डं बघून उपयोग नाही. कोणीही काहीही मागतो. विकल्या गेलेल्या वस्तू तेवढ्याच दाखवणारा फिल्टर आहे, तो लावला की जमिनीवर येतो माणूस. ज्या कार्डाला एक जण पाचशे डॉलर मागत बसलाय, तेच दोन डॉलरला गेलेलं दिसतं. 1987 चा टॉप्स या कार्ड कंपनीचा अख्खा संच, लाकडी चौकटीसारखी किनार असलेली 792 कार्डं, जातो वीस-पंचवीस डॉलरला. खोक्यात कार्डांचे भाव छापणाऱ्या बेकेट मासिकाचे मुलाचे जुने अंकही होते. त्यातल्या कित्येक कार्डांचे तेव्हाचे भाव आजच्यापेक्षा जास्त!

असं का, हे समजून घेण्यातच मला खरा रस वाटला. 1952 सालचं टॉप्सचं मिकी मॅन्टल कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं. त्या संचातली शेवटची कार्डं, त्यात हेही, मोसम संपत आल्यावर बाजारात आली, त्यामुळे पडून राहिली. टॉप्सच्या साय बर्गर यांनी स्वतः सांगितलंय की 1960 च्या सुमारास त्यांनी तो उरलेला माल बार्जवर लादून इथे न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात बुडवला. जी मुलांच्या हाती पोचली ती सायकलच्या आऱ्यांना लावून फाटली, नाहीतर मुलगा कॉलेजला गेल्यावर आईने कचऱ्यात टाकली. ऐंशीच्या दशकात या जुन्या कार्डांच्या किमतींचा बोभाटा झाला आणि लोक नवी कार्डं गुंतवणूक म्हणून घेऊ लागले. 1981 पासून फ्लीअर आणि डॉनरस, 1988 मध्ये स्कोअर, 1989 मध्ये अपर डेक अशा कंपन्या उतरल्या, सगळ्यांनी बेसुमार छापलं. त्यातच 1994 मध्ये खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीज ही मोसमाची अंतिम मालिकाच रद्द झाली आणि कित्येकांचं मन या खेळावरून उडालं. या धंद्यातले लोक त्या काळातल्या मालाला जंक वॅक्स, म्हणजे मेणकागदी पाकिटांतली रद्दी, म्हणतात. थोडक्यात, आधीच्या आयांनी फेकली म्हणून त्यांची कार्डं महागली, आणि आम्ही आयांनी एकही टाकलं नाही!

तरी त्या ढिगातून वेचण्यासारखं थोडं निघतंच. खेळाडूचं पहिलंवहिलं कार्ड, म्हणजे रुकी कार्ड, आधी बाजूला काढायचं. मग छपाईतल्या चुका. 1990 च्या टॉप्समधल्या काही फ्रँक थॉमस कार्डांवर पुढच्या बाजूला नावच छापलेलं नाही, त्यांना चांगला भाव आहे. आमच्याकडच्या एकूणएक फ्रँक थॉमसवर नाव ठळक होतं. पण अपर डेकच्या पहिल्याच संचातलं पहिल्या क्रमांकाचं केन ग्रिफी ज्युनियर सापडलं, आणि त्याच कंपनीच्या 1993 च्या एसपी संचातलं डेरेक जीटरही.

ही दोन्ही ग्रेडिंगला पाठवली. चित्र मध्यावर आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग एवढं तपासून पीएसए ही कंपनी एक ते दहा गुण देते आणि कार्ड प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करून पाठवते. सरसकट सगळं पाठवण्यात अर्थ नाही, बहुतेक कार्डांना फीसुद्धा सुटत नाही. ग्रिफीला दहा मिळाले तर हजार डॉलरच्या वर, नऊ मिळाले तर शे-दोनशे. डोळ्याला फरक काही दिसत नाही. आमच्या ग्रिफीला नऊ आले. जीटरच्या कार्डाचा चकचकीत पृष्ठभाग कडांना चटकन सोलवटतो, त्याला आठ आले. तेही पुष्कळ म्हणायचे.

बाकीचे बाइंडर घेऊन मुलाच्या एका जुन्या मित्राबरोबर कार्ड शोला, म्हणजे कार्डांच्या खरेदी-विक्रीच्या मेळ्याला गेले. पहिला डीलर अगदी बोहारणीच्या थाटात पानं उलटत गेला, नाक मुरडलं, सगळ्याचा मिळून एक आकडा सांगितला आणि वर लगेच रोख देतो म्हणाला. मी प्रत्येक कार्डाचे विकले गेलेले भाव वहीत लिहून नेले होते. पुढच्या टेबलावरच्याने वही पाहिली आणि त्या भावांच्या साठ टक्के देऊ केले. मला ते रास्त वाटलं. ई-बे स्वतःचे 13 टक्क्यांच्या आसपास कापून घेतं, शिवाय टपाल, पॅकिंग आणि 'कोपरा दुमडलाय' म्हणून परत पाठवणारी गिऱ्हाइकं. फक्त ग्रेड झालेली दोन्ही मी घरून विकली, कारण त्यांच्या गुणांवर वाद घालायला जागा नसते.

बुटाच्या डब्यात शेजारच्या आजोबांनी मुलाला दिलेलं विली मेज या खेळाडूचं 1964 चं कार्ड होतं. चारही कोपरे गोल झालेले, मधोमध घडी. ते पन्नास डॉलरला गेलं, म्हणजे 1987 च्या दोन अख्ख्या संचांना जेवढे मिळाले असते तेवढे एकट्याला!

उरलेली हजारो साधी कार्डं लिटल लीगच्या एका कोचने नेली, मुलांना खाऊसारखी वाटायला. मुलाला बिली रिपकनचं 1989 चं फ्लीअर हवं होतं, ज्यात बॅटच्या मुठीच्या टोकावर शिवी लिहिलेली दिसते. ते पाठवलं. 1990 ची लाल किनारीची डॉनरस मात्र कोचनेही नको म्हटली. ते खोकं अजून गाडीच्या डिकीत आहे, कोणाला हवं असेल तर सांगा.