बंदुकीचं कुणी विचारलंच नाही

सेशन्स कोर्ट मनोविकारतज्ज्ञाला विचारतं ते एवढंच: गोळी झाडली त्या क्षणी आपण काय करतोय, ते चूक आहे, हे या माणसाला कळत होतं का? आणि तो माणूस आमच्यापुढे येतो काही महिन्यांनी, जेलमध्ये औषधाच्या गोळ्या सुरू झाल्यावर. पूर ओसरल्यावर नदीकाठी उभं राहून पाणी कुठवर चढलं होतं ते शपथेवर सांगायचं, असला प्रकार.

हा आरोपी बँकेचा गार्ड. बाराबोर बंदूक स्वतःची, परवाना स्वतःचा. अशा माणसाला गार्डची नोकरी लवकर लागते, त्यामुळे घरात बंदूक म्हणजे भाकरी. भावकीतला शेजारी रात्री आपल्या बोअरमध्ये विष सोडतो, अशी त्याची पक्की खात्री झाली होती. एका सकाळी त्याने शेजाऱ्यावर गोळ्या झाडल्या आणि रिकामी काडतुसं बोअरमध्ये टाकली.

कोर्टाच्या हुकमावरून तो निरीक्षणासाठी आमच्या वॉर्डात होता. सोंग घेणारे बहुतेक राऊंडला बडबडतात आणि रात्री ढाराढूर झोपतात. याचं उलटं. राऊंडला ‘बरं आहे साहेब’ आणि रात्रपाळीच्या सिस्टरच्या नोंदवहीत: ‘ग्लासातलं पाणी बेसिनमध्ये ओतलं. ग्लास पुन्हा पुन्हा विसळला. शेजारच्या पेशंटच्या बाटलीतलं प्यायला.’ कुणी बघत नसताना टिकतो तो भ्रम खरा. अहवालावर सही माझी, पण मत उभं आहे ते त्या सिस्टरच्या अक्षरावर. तिला साक्षीला कुणी बोलावलं नाही.

उलटतपासात सरकारी वकिलांनी काडतुसंच धरली. ‘पुरावा लपवला, म्हणजे गुन्हा केल्याचं कळत होतं ना?’ मी म्हटलं, लपवायचंच होतं तर बंदूक ओट्यावर कशाला ठेवली असती? काडतुसं टाकली ती विषावर उतारा म्हणून, असं तो मला पहिल्या भेटीपासून सांगत होता. वकील हसले. हसणं बरोबर नसलं तरी मुद्दा बरोबर होता: आजार असणं वेगळं, आणि वेडाच्या भरात केलेल्या कृत्याला गुन्हा न मानणारं दंड संहितेचं कलम ८४ लागू होणं वेगळं. (गुन्हा जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून ८४, नव्या संहितेत ते २२ आहे.) सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. मात्र १९६४ च्या दह्याभाई ठक्कर निकालापासून, हेतूबद्दल वाजवी शंका उभी राहिली तरी आरोपीला तिचा फायदा मिळू शकतो.

मला छळतायत ते फाइलमधले दोन कागद. एक तालुक्याच्या मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी: ओलान्झापिन, म्हणजे भ्रमावरचं औषध, आणि व्यवसायापुढे नुसतं ‘नोकरी’. दुसरा त्याच वर्षीचा, परवान्याच्या नूतनीकरणासाठी दिलेला दाखला: ‘मानसिक व शारीरिकदृष्ट्या सक्षम.’ देणाऱ्या डॉक्टरने बीपी आणि नजर तपासली असेल, फार तर. असे दाखले कसे मिळतात हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. शस्त्र कायद्याच्या कलम १४ मध्ये मनोविकृत माणसाला परवाना नाकारायची तरतूद आहे, १७ मध्ये दिलेला काढून घेण्याची. पण या दोन कागदांची गाठ पडली ती खुनाच्या खटल्यातच. निवडणुकीत गावच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. बँकेच्या गार्डला सहसा तिथूनही सूट.

मी हे साक्षीत सांगायला लागलो तर ‘विचारलं तेवढंच सांगा.’ तेही योग्यच. खटला त्याच्यावर होता, दाखल्यावर नव्हे.

तालुक्याच्या त्या डॉक्टरवर मी तितका चिडू शकत नाही. समजा त्याला बंदुकीचं कळलं असतं, तर? मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयता सांगतं. दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून जरुरीपुरती माहिती द्यायची मुभाही ठेवतं. द्यायची कुणाला, कलेक्टर कचेरीतल्या कोणत्या टेबलावर, हे ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला कुणी सांगितलेलं नाही. आणि ‘तो डॉक्टर पोलिसांना कळवतो’ अशी बोलवा झाली, तर पुढचे दहा जण मांत्रिकाकडे जातील.

साक्ष झाल्यावर त्याची बायको व्हरांड्यात भेटली. ‘गोळ्यांनी झोप यायची हो. ड्युटीवर झोपले तर काढून टाकतील, म्हणून मीच बंद केल्या.’

मी विचारलं, ‘डॉक्टरांनी घरात बंदूक आहे का असं विचारलं असतं, तर सांगितलं असतं?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘कसं सांगणार?’

हल्ली मी ओपीडीत तो प्रश्न विचारतो. ‘नाही’ असंच उत्तर येतं, आणि मी ते लिहून घेतो.