नाक लावून पाहिलेली चित्रं

संग्रहालयात एखाद्या चित्राच्या जरा जास्तच जवळ गेलं की मागून पहारेकरी खाकरतो. काही ठिकाणी तर भोंगाच किंचाळतो. त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण संगणकाच्या नाहीतर फोनच्या पडद्यावर चित्र पाहताना खाकरायला कुणी नसतं, आणि माझ्यासारख्या चोंबड्या माणसाचं फावतं. कलेचा इतिहास मी रीतसर शिकलेलो नाही. चित्रांच्या कानाकोपऱ्यांत नको तितकं डोकावून जो काय कळला तेवढाच.

अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ साली रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या शहररक्षक तुकडीच्या चित्राचं एक छायाचित्र सगळ्यांसाठी खुलं केलं. ७१७ अब्ज पिक्सेलचं! ८,४३९ छायाचित्रं टिपून ती एकमेकांना जोडली आहेत, आणि त्यातला एकेक पिक्सेल रक्तातल्या तांबड्या पेशीहूनही लहान जागा दाखवतो. इतकी सोय केल्यावर माणसाने कप्तानाच्या चेहऱ्याकडे जावं. मी गेलो कुत्र्याकडे. उजव्या हाताला खाली, ढोल वाजवणाऱ्यावर भुंकणारा कुत्रा आहे. दुरून पाहिला तर आत्ता चावेल असा. जवळ जावं तर धड कुत्राच नाही, घाईघाईने मारलेले चार फटकारे. तिथून थोडं डावीकडे सरकलं की फिक्या पिवळ्या पोशाखातल्या लेफ्टनंटच्या कोटाची किनार येते, आणि तिथे रंग असा थापलेला की कलाबतू बोटांना लागेल. एकाच कॅनव्हासवर कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे आखडायचा याचा हा हिशेब मला पुस्तकातल्या कुठल्याही प्रकरणातून इतका स्वच्छ कळला नसता.

पण माझा खरा जीव ब्रुगेल या चित्रकारावर. त्याचं ‘मुलांचे खेळ’ हे १५६० सालचं चित्र व्हिएन्नात आहे, आणि तिथल्या संग्रहालयाने त्याची चित्रं अगदी तडे मोजता येतील इतक्या जवळून दाखवणारं संकेतस्थळ केलं आहे. चित्रात दोनशेहून जास्त मुलं आहेत आणि सगळी खेळताहेत. पुस्तकातल्या पानावर ती मुंग्यांसारखी दिसतात. पडद्यावर एकेकाला गाठता येतं. डाव्या कोपऱ्यात दोन मुली हाडांचे सागरगोटे खेळतात. कुणी चाक पिटाळतंय, कुणी ओणवं झालेल्याच्या पाठीवरून उडी घेतंय, डोळ्यांवरून टोपी ओढलेलं एक पोर चाचपडत चाललंय. गंमत अशी की फारसं कुणी हसत नाही. तोंडं गंभीर, जरा पोक्तच. दुरून पाहताना हा धुडगूस वाटतो, आणि जवळ गेल्यावर प्रत्येक जण मोठ्या जबाबदारीचं काम करत असल्यासारखा दिसतो. मुलं खेळताना असतातच तशी. यावर विद्वानांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. मी मात्र अजून मुलंच शोधतो आहे.

काही संग्रहालयं घरबसल्या दालनांतून फिरवून आणतात. बाण दाबला की आपण पुढे घसरतो. मला ते मुळीच आवडत नाही. गुळगुळीत फरशी दिसते, छतावरचे दिवे दिसतात, आणि चित्र भिंतीवर पोस्टाच्या तिकिटाएवढं. फरशी बघायला कोण जातं?

पडदा एक गोष्ट मात्र साफ गिळून टाकतो, ती म्हणजे चित्राचा आकार. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात ‘मोनालिसा’ आहे त्याच दालनात समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेचं ‘काना इथला विवाह’ आहे. मोनालिसा ७७ सेंटिमीटर उंच, ५३ रुंद. व्हेरोनेझेचं लग्न जवळजवळ पावणेसात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद. फोनवर दोन्ही तळहाताएवढी! म्हणून चित्राखालच्या बारीक अक्षरांतल्या नोंदी मी आधी वाचतो. मापं, माध्यम, आणि सगळ्यात रंगतदार म्हणजे चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं ती वंशावळ. हे लग्न मुळात व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहात लागलं होतं, १५६३ साली. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते तुकडे करून पॅरिसला नेलं. मापं माहीत असली की ‘तुकडे करून’ का, हे विचारावं लागत नाही.

अकबराने करवून घेतलेल्या ‘हम्झानामा’ या सचित्र कथाग्रंथाची नोंद तर याहून वरचढ. कापडावरची सुमारे चौदाशे चित्रं, पंधराएक वर्षांचं काम. त्यातली दोनशेही आज उरलेली नाहीत, आणि जी आहेत ती व्हिएन्ना, लंडन, न्यूयॉर्क अशी पांगलेली. लंडनमधली काही पानं १८८१ मध्ये श्रीनगरला मिळाली, तेव्हा ती एका दुकानाच्या खिडक्यांना लावलेली होती. बादशाही चित्रं थंडीवाऱ्याच्या कामी! आता ही पानं मी शेजारी शेजारी उघडून ठेवतो. प्रत्यक्षात एवढ्यासाठी तीन देशांचे व्हिसा काढावे लागले असते.

रंगांचं मात्र काही खरं नाही. व्हरमेरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या पिवळट झालेल्या प्रती इंटरनेटवर इतक्या पसरल्या होत्या की राइक्सम्युझियमच्या दुकानातल्या पोस्टकार्डावरचे रंग लोकांना खोटे वाटू लागले. त्यावर संग्रहालयाने आपल्याकडची उत्तम प्रतच फुकट देऊन टाकली. चोरांशी भांडण्यापेक्षा हे शहाणपणाचं. तरी माझ्या संगणकावर तिचा निळा एप्रन एक रंग दाखवतो आणि फोनवर दुसरा. कुणावर विश्वास ठेवायचा? रंगांबद्दल मी चारचौघांत मत देत नाही.

आणि काही चित्रांना नुसतं जवळ जाऊन भागत नाही. होल्बाइनच्या ‘राजदूत’ या १५३३ सालच्या चित्रात दोन रुबाबदार पुरुषांच्या पायाशी एक तिरपा, राखाडी, लांबुळका डाग आहे. कितीही मोठा करा, डागच राहतो. मूळ चित्र लंडनला आहे. तिथे उजव्या कडेला जाऊन तिरकं पाहिलं की त्या डागाची मानवी कवटी होते. पडद्यावर उजव्या कडेला जायचं कसं? तर फोन गालाजवळ धरायचा, जवळजवळ आडवा, एक डोळा मिटायचा आणि हळूहळू कलवत राहायचं. जमतं! कवटी नेमकी उभी राहते. फक्त हे करताना समोर कुणी बसलेलं नसावं. आपण चोरून त्यांचा फोटो काढतोय असंच त्यांना वाटतं, आणि मग होल्बाइन समजावून सांगत बसावं लागतं.